शोध, ओळ आणि संगणकाची स्मृती

आमच्या परिचयाच्या एका जुन्या पतसंस्थेत मागे एक विधवा बाई आल्या. यजमानांच्या नावावरची मुदत ठेवीची पावती त्यांना ट्रंकेच्या तळाशी सापडली होती. पावतीवरचा क्रमांक स्पष्ट होता, शिक्का पुसट होता. संस्थेने दरम्यान आपला हिशेबाचा प्रोग्रॅम बदललेला होता आणि पूर्वीचे सारे दप्तर जुन्या पुरवठादाराने एकाच अवाढव्य फाइलीत भरून दिले होते. कारकुनाने नियमाप्रमाणे त्या फाइलीत पावतीचा क्रमांक शोधला. पडद्यावर उत्तर आले: 0. तेव्हा बाईंना पत्र गेले की, सदर क्रमांकाची कोणतीही ठेव संस्थेच्या दप्तरी आढळत नाही.

ठेव दप्तरी होती. शोधणारा प्रोग्रॅम मात्र अर्ध्या वाटेतच स्मृती अपुरी पडून कोसळला होता, आणि त्याचे कोसळणे शून्याच्या रूपाने कागदावर उतरले होते. हे कसे घडू शकते, हे समजून घ्यायचे तर संगणक शोधतो म्हणजे नेमके काय करतो, हे थोडे मुळापासून पाहावे लागते. विषय रुक्ष आहे अशी तक्रार काही मंडळी करतील. पण ज्या यंत्राच्या ‘आढळत नाही’ ह्या दोन शब्दांवर आज माणसाचे पैसे, पेन्शन आणि मतदारयादीतले नाव अवलंबून आहे, त्या यंत्राची रीत निदान ढोबळ मानाने तरी नागरिकाला ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

कारकुनाने वापरलेल्या साधनाचे नाव ग्रेप. चित्रे व बटणे ह्यांच्या भानगडीत न पडता आज्ञा टाइप करून चालवावयाची जी साधने आहेत, त्यांपैकी हे सर्वांत प्रसिद्ध. त्याचा जन्मच मुळी स्मृतीच्या टंचाईतून झाला. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये 1970 नंतरच्या काळात युनिक्स ही प्रणाली ज्या पीडीपी-11 यंत्रावर चाले, त्यावर एका प्रोग्रॅमला एका वेळी फार तर 64 किलोबाइट जागा हाताळता येई. आजच्या फोनमधले एक बऱ्यापैकी छायाचित्रसुद्धा त्यात मावणार नाही. तेथील ली मॅकमहन ह्यांना ‘फेडरलिस्ट’ निबंधांचा अभ्यास करावयाचा होता. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे ह्या तिघांनी 1787-88 मध्ये ‘पब्लियस’ ह्या एकाच टोपणनावाने लिहिलेले हे 85 निबंध. त्यांतल्या काहींचा कर्ता कोण, हा वाद फार जुना. शब्दांच्या लकबी मोजून तो सोडवता येईल काय, हे त्यांना पाहावयाचे होते. पण तेथला संपादक-प्रोग्रॅम, नाव ‘एड’, हा संपूर्ण मजकूर आपल्यापाशी घेऊनच कामाला बसे, आणि हे निबंध त्याच्यात मावेनात. तेव्हा केन थॉम्प्सन ह्यांनी एडमधला फक्त शोधाचा भाग बाहेर काढून त्याचा स्वतंत्र प्रोग्रॅम केला आणि तोही एका रात्रीत, असे त्यांचे सहकारी ब्रायन कर्निघन सांगतात. डग मॅकिलरॉय ह्यांनी हीच हकीकत थोड्या निराळ्या रीतीने सांगितली आहे; परंतु 1973 पासून ग्रेप युनिक्समध्ये आहे ह्याबद्दल दुमत नाही. नावही एडच्याच आज्ञेवरून आले: जी म्हणजे सगळीकडे, आरई म्हणजे नमुना, पी म्हणजे छाप. जी-आरई-पी. सगळीकडे नमुना शोध आणि सापडला ती ओळ छाप.

थॉम्प्सन ह्यांची युक्ती आपल्या घरोघरच्या चाळणीची आहे. गव्हाचे पोते चाळायचे म्हणून कोणी पोत्याएवढी चाळण करीत नाही. चार ओंजळी घ्याव्यात, चाळाव्यात, बाजूला साराव्यात, पुढच्या चार घ्याव्यात. पोते एक असो की शंभर, चाळण तीच. ग्रेप फाइलीचा एक लहानसा तुकडा उचलतो, त्यातल्या ओळी तपासतो, जमली ती छापतो, न जमली ती टाकून देतो आणि पुढचा तुकडा त्याच जागेत आणतो. आज लिनक्सवर जो ग्रेप सर्वत्र आहे, त्यात हा तुकडा दीर्घकाळ 32 किलोबाइटांचा होता. अलीकडच्या आवृत्त्यांत 96 किलोबाइटांचा आहे. म्हणजे 100 गिगाबाइटांची फाइलसुद्धा तो काही मेगाबाइटांत सहज चाळून मोकळा होतो. वेळ लागेल, जागा लागणार नाही.

मग पतसंस्थेत स्मृती गेली कोठे?

येथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे, कारण पुष्कळांची धाव तेथेच थांबते. मोठ्या फाइलीत शोध चालू असताना लिनक्सला मोकळी स्मृती किती असे विचारले, तर तो जवळजवळ शून्य सांगतो, आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वस्तुतः हे भय निराधार असते. डिस्कवरून वाचलेले तुकडे पुन्हा लागले तर हाताशी असावेत, म्हणून प्रणाली ते रिकाम्या स्मृतीत ठेवून देते. गावात सभागृह रिकामे असेल तर त्यात खुर्च्या रचून ठेवाव्यात, आणि कार्यक्रम ठरला की त्या हलवाव्यात, तसला हा प्रकार. कोणाही प्रोग्रॅमला जागा हवी झाली की ही साठवण तत्काळ सोडली जाते. म्हणून ‘मोकळी’ हा आकडा न पाहता ‘उपलब्ध’ हा आकडा पाहावा. 2014 साली लिनक्सच्या 3.14 ह्या आवृत्तीपासून तो अधिकृतपणे मिळू लागला आहे. काही नवी शोधसाधने फाइलीचा नकाशाच स्मृतीवर अंथरतात. त्यांच्या नावावर तर फाइलीएवढी स्मृती मांडलेली दिसते, तीही बरीचशी ह्याच प्रकारची. ह्या दिखाऊ खर्चाला भिऊन यंत्रात नवी रॅम बसवून घेणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. दुकानदाराचे भले झाले, एवढेच म्हणता येईल.

पतसंस्थेचा खर्च मात्र खरा होता. कारण चाळणीची उपमा एका अटीवर खरी आहे: पोत्यात दाणे असले पाहिजेत. कोणी चाळणीत गुळाची ढेप आणून ठेवली, तर चार ओंजळींचा हिशेब चालत नाही. ढेप अर्धी उचलता येत नाही.

ग्रेपचा दाणा म्हणजे ओळ. त्याचे वचन असे आहे की, नमुना ज्या ओळीत सापडेल ती संपूर्ण ओळ मी छापीन. नमुना ओळीच्या शेवटी सापडला तर ओळीचा आरंभ हाताशी हवा. तेव्हा ओळ संपेपर्यंत तिचे एकही अक्षर टाकून देता येत नाही. तुकड्यात ओळ संपली नाही तर ग्रेप मोठी जागा मागतो. तीतही संपली नाही तर आणखी मोठी. ही वाढ साधारणपणे दुपटीने होत जाते, आणि दुपटीचा हिशेब आपल्या बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळांसारखा आहे: 32 किलोबाइटांपासून निघाले तर 17 व्या दुपटीला 4 गिगाबाइट होतात. शिवाय जुन्या जागेतला मजकूर नव्या जागेत उतरवून होईपर्यंत दोन्ही जागा एकदमच अडलेल्या असतात. घर बदलताना महिनाभर दोन्हीकडचे भाडे भरावे लागते, त्यातलीच गत.

आता ‘एवढी लांब ओळ कोण लिहितो?’ असे कोणी विचारील. माणूस लिहीत नाही, यंत्र लिहिते. एका यंत्राने दुसऱ्या यंत्रासाठी माहिती लिहिताना ओळ मोडण्याची गरजच नसते. कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे ह्यांनी सगळे काम भागते. पतसंस्थेची फाइल तशीच होती. हजारो खातेदार, त्यांच्या ठेवी, एवढेच नव्हे तर सह्यांची चित्रेसुद्धा अक्षरांत रूपांतर करून तीत कोंबलेली, मिळून सुमारे 9 गिगाबाइट. आणि ओळींची संख्या विचाराल तर एक. यंत्रातली रॅम 8 गिगाबाइट. ग्रेप ढेप उचलू लागला, जागा मागत गेला, आणि ‘स्मृती संपली’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबला. कित्येकदा तर एवढेही घडत नाही. लिनक्स जागेचा होकार उदारपणे देऊन बसतो, आणि खरोखर जागा भरू लागली की आपल्यापुढे एकच उपाय आहे असे ठरवून एखाद्या प्रोग्रॅमला ठार मारतो. सामान्यतः सर्वांत खादाड प्रोग्रॅमच मरतो. परंतु तो ग्रेपच असेल असे नाही. शेजारी चाललेला हिशेबाचा डेटाबेस त्याहून जाडजूड असला तर बळी त्याचा जातो. त्याआधी यंत्र स्मृतीतला मजकूर डिस्कवर नेऊ-आणू लागते आणि सगळे काम गोगलगायीच्या गतीने चालते, ते वेगळेच.

ही अडचण कारकुनी दप्तरापुरतीच आहे असे नाही. मानवी जनुकसंचाच्या फाइलीत ए, सी, जी, टी ही अक्षरे सुमारे तीनशे कोटी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील केंद्राने प्रसिद्ध केलेल्या प्रतीत ती पन्नास-पन्नास अक्षरांच्या ओळींत मांडलेली आहेत. मांडणी डोळ्याला सोयीची. परंतु हवी असलेली अक्षरमाला एका ओळीच्या शेवटी सुरू होऊन दुसऱ्या ओळीच्या आरंभी संपली, तर ग्रेप तिच्यावरून सरळ पुढे जातो. त्याला एका वेळी एकच ओळ दिसते ना! विद्यार्थी ही चूक ओळखतो आणि ओळी जोडून टाकतो. मग पहिल्या गुणसूत्राची एकच ओळ 24 कोटी 89 लाख अक्षरांवर जाते, आणि स्मृतीची तक्रार सुरू होते. ओळी ठेवल्या तर माल निसटतो, ओळी काढल्या तर ढेप होते. योग्य मार्ग असा की, तुकडे पाडावेत, पण प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याची शेवटची काही अक्षरे पुन्हा घेऊन सुरू व्हावा. शोधावयाची माला 30 अक्षरांची असेल तर 29 अक्षरे पुन्हा घेतली की पुरे. पत्र्याची पन्हाळ जोडताना आपण एक पत्रा दुसऱ्यावर बोटभर चढवतो, त्याचेच हे तत्त्व.

स्मृती खाण्याचे दुसरे कारण फाइलीत नसून प्रश्नात असते. एक नाव शोधण्याऐवजी पाच लाख नावांची यादीच ग्रेपच्या हाती दिली, की त्यांतले कोणतेही ओळखू यावे म्हणून त्याला आधी एक जाळे विणावे लागते. नावे साधी असतील, त्यांत ‘येथे कोणतेही अक्षर चालेल’ असली कलमे नसतील, तर ते ग्रेपला बजावून सांगावे. त्यासाठी एफ ह्या अक्षराचा पर्याय आहे. तेव्हा तो 1975 साली आल्फ्रेड एहो आणि मार्गारेट कोरासिक ह्यांनी ग्रंथसूची शोधण्याच्या निमित्ताने प्रसिद्ध केलेल्या रीतीच्या कुळातले जाळे विणतो. त्यात ‘पाटील’ ने सुरू होणाऱ्या सगळ्या नावांचा पाटीलपर्यंतचा रस्ता एकच असतो, पुढे फाटे फुटतात. न सांगितले तर तो प्रत्येक नावाला कूट नमुना समजतो आणि जाळे फार महाग पडते. तरीही यादी फारच मोठी असेल तर तिचे दहा भाग करून दहा फेऱ्या माराव्यात, किंवा यादी आणि फाइल दोन्ही अकारविल्हे लावून जमाखर्च ताडून पाहतो तशा शेजारी धरून ताडाव्यात. वर्गवारी लावणारे ‘सॉर्ट’ हे साधन डिस्कवर तात्पुरत्या चवडी मांडत काम करते, त्यामुळे त्याला स्मृतीची हाव नसते.

कूट नमुन्यांची कथा निराळीच आहे आणि तीत आम्ही फार शिरणार नाही. ‘शेवटून दहाव्या जागी अमुक अक्षर हवे’ एवढी निरुपद्रवी अट काटेकोर यंत्रात उतरवायची तर 1,024 अवस्था लागतात. दहाऐवजी वीस म्हटले की 10,48,576. शहाणे साधन त्या सगळ्या आधीच मांडून ठेवीत नाही, लागतील तेवढ्याच करते आणि फार झाल्या की फेकून देते.

मराठी मजकुराबद्दल मात्र दोन शब्द बोललेच पाहिजेत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 ह्या सर्वमान्य पद्धतीत तीन बाइट व्यापते, इंग्रजी अक्षर एकच. ही पद्धतही 1992 मध्ये रॉब पाइक ह्यांच्यासह ह्याच थॉम्प्सननी, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर आखली. तेव्हा मराठी यादीचे जाळे इंग्रजीच्या सुमारे तिप्पट पायऱ्यांचे होते. ह्याहून त्रासदायक गोष्ट वेगळी आहे. ‘तऱ्हा’ किंवा ‘सुऱ्या’ ह्यांतला आडवा र दोन निरनिराळ्या रीतींनी साठवता येतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न. ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका पद्धतीने टाइप करून दुसऱ्या पद्धतीने भरलेल्या यादीत शोधले, तर यंत्र प्रामाणिकपणे नाही म्हणेल. अशा वेळी दोन्ही रूपे शोधावीत. सुदैवाने आमच्या बाईंच्या पावतीवर क्रमांक होता.

आता त्या शून्याकडे वळू. ग्रेप खोटे बोलला काय? मुळीच नाही. काम संपताना तो आपल्या मागे एक गुपचूप अंक ठेवून जातो. सापडले तर 0, सापडले नाही तर 1, आणि शोधच नीट होऊ शकला नाही तर 2. नसणे आणि न शोधता येणे ह्यांतला भेद हे साधन काटेकोरपणे पाळते; आपल्या कचेऱ्यांत तो तितका पाळला जात असता तर किती बरे झाले असते! पण पतसंस्थेत कोणी जुन्या जाणत्याने अशी सोय करून ठेवली होती की, ग्रेपने छापलेल्या ओळी दुसऱ्या एका साधनाकडे जाव्यात आणि त्याने त्या मोजून फक्त आकडा दाखवावा. ग्रेप कोसळला, त्याने एकही ओळ पुढे पाठविली नाही. मोजणाऱ्याने मोजले: शून्य. साखळीचा निकाल शेवटच्या कडीवरून ठरत असल्याने सगळे यथास्थित पार पडले असा शेरा लागला. आणि ‘स्मृती संपली’ हा संदेश? असले इंग्रजी संदेश पडद्यावर उगाच गर्दी करतात म्हणून ते परस्पर टाकून देण्याची व्यवस्था त्याच जाणत्याने करून ठेवली होती. कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला शून्य दिसले, त्याने शून्य लिहिले.

आम्हांस बोलावणे आले ते बाईंच्या भाच्याने तिसऱ्यांदा हेलपाटा घातल्यावर. उपाय सोपा होता: ढेप आधी फोडावी, मग चाळावी. अक्षरामागे अक्षर बदलून देणारे ‘टीआर’ नावाचे एक अगदी लहान साधन आहे. ते ओळ कोठे संपते ह्याची पर्वा करीत नाही, म्हणून त्याला जागाही लागत नाही. त्याला सांगितले की, मिटणारा महिरपी कंस दिसला की त्या जागी ओळ तोड. त्याच्या तोंडून निघणाऱ्या ओळी सरळ ग्रेपकडे वळविल्या. येथे स्वल्पविरामावर तोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. पत्त्यातसुद्धा स्वल्पविराम असतात, आणि नाव एकीकडे व रक्कम दुसरीकडे असा संसार मोडतो. कंसावर तोडले तरी खातेदार आणि त्याची ठेव लागोपाठच्या निरनिराळ्या ओळींवर पडण्याचा संभव असतोच. म्हणून सापडलेल्या ओळीच्या मागच्या-पुढच्या पाच-पाच ओळीही छापण्यास ग्रेपला सांगितले. आणखी एक खबरदारी घेतली: ग्रेपने किती स्मृती घ्यावी ह्यावर ‘युलिमिट’ ह्या आज्ञेने मर्यादा घातली. काही चुकलेच तर तो एकटा पडावा, त्याने संस्थेचा चालू हिशेब बरोबर घेऊन पडू नये.

शोध चालू असताना संस्थेचे सचिव मोकळ्या स्मृतीचा आकडा घसरताना पाहून अस्वस्थ झाले. त्यांना खुर्च्यांची गोष्ट सांगावी लागली. चहा येऊन थंड होण्याच्या आत फाइल संपली. ग्रेपने स्वतःसाठी वापरलेली स्मृती काही मेगाबाइटच होती.

नोंद एक नव्हे, दोन निघाल्या. पावतीची ठेव मुदत संपल्यावर एकदा पुन्हा गुंतवली गेली होती, आणि त्या दुसऱ्या ठेवीची पावती बाईंना कधी मिळालीच नव्हती. सचिवांनी पहिले पत्र रद्द केल्याचे दुसरे पत्र आमच्यासमोर टाइप करविले. कारकुनाने मात्र आम्हांला थांबवून घेतले. गेल्या दोन वर्षांत ‘आढळत नाही’ अशी आणखी किती पत्रे गेली, त्याची जावक नोंदवही त्याने कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती. एकेचाळीस होती. दिवे लागेपर्यंत आम्ही त्यांतले क्रमांक एका यादीत उतरवीत बसलो.